दोन-चार मुक्कामांच्या ट्रेकसाठी हलकं, तयार जेवण कसं निवडाल?

सातारा-सांगलीकडच्या माणसाला एका दिवसाचा गड नवीन नाही. अजिंक्यतारा, सज्जनगड, पांडवगड, दातेगड असं कुठंही जायचं असलं की चपाती-भाजीचा डबा बांधला आणि निघालं. अडचण येते ती पहिल्यांदा दोन-तीन मुक्कामांचा बेत ठरतो तेव्हा. डबा दुसऱ्या दिवशी दुपारी आंबतो. मग कुणीतरी सांगतं, "तयार पाकिटं घे, हलकी असतात." दुकानात गेलं की फळीवर वीस तऱ्हेची पाकिटं दिसतात, आणि त्यातली निम्मी अजिबात हलकी नसतात. काही हलकी असतात, पण त्यांना अर्धा लिटर पाणी आणि वीस मिनिटं गॅस लागतो.

हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे. पाकिटाचं वजन सगळ्यात शेवटी बघायचं असतं. सगळ्यात आधी बघायचं ते रात्रीच्या मुक्कामाचं पाणी. ते एकदा कळलं की कोणतं जेवण घ्यायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

१. आधी मुक्कामाचं पाणी विचारा

बेत ठरला की कागदावर प्रत्येक रात्रीचा मुक्काम लिहा. त्यापुढे तीन गोष्टी लिहा: पाणी आहे का, किती लांब आहे, आणि या महिन्यात असेल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गडावरची टाकी काठोकाठ असतात, झरे वाहत असतात. फेब्रुवारी सरला की बरीच टाकी आटतात, किंवा तळाला हिरवं पाणी उरतं. मागच्या डिसेंबरात कुणीतरी टाकलेला फोटो बघून एप्रिलचा बेत आखू नका. पायथ्याच्या गावात फोन लावा आणि आत्ता पाणी आहे का ते विचारा.

याचा जेवणाशी संबंध असा. कोरडं पाकीट १०० ग्रॅमचं असलं तरी त्याला ३०० ते ४०० मिली पाणी लागतं. मुक्कामाला झरा असेल तर हे पाणी तिथंच फुकट मिळतं आणि तुम्ही खरंच १०० ग्रॅमच वाहिलेले असतात. पण मुक्काम कोरड्या माचीवर असेल, तर ते पाणी खालून पाठीवर आणावं लागतं, आणि मग १०० ग्रॅमचं पाकीट प्रत्यक्षात जवळपास अर्ध्या किलोचं ओझं होतं. शिवाय प्यायचं पाणी वेगळं, भांडं विसळायचं वेगळं. अशा रात्रीसाठी आधीच शिजवलेलं ओलं पाकीट किंवा पाणी न लागणारं घरचं खाणं जास्त शहाणपणाचं.

म्हणून कागदावर प्रत्येक रात्रीपुढे 'ओली' किंवा 'कोरडी' अशी खूण करा. पुढचा सगळा लेख त्या खुणेवर चालतो.

२. वाटेत गाव आहे का ते बघा

हिमालयातल्या ट्रेकच्या याद्या वाचून सगळी जेवणं पाठीवर न्यायची तयारी करणारे बरेच भेटतात. आपल्या सह्याद्रीत तसं करायची गरज क्वचितच पडते. कोयनेच्या पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात महिमंडणगड, चकदेव, पर्वत असा फिरता ट्रेक केला तरी वाटेत वस्त्या लागतात. आदल्या दिवशी निरोप दिला असेल तर पिठलं-भाकरी, भात-आमटी मिळते. ताजं गरम जेवण मिळतं, गावात चार पैसे जातात आणि तुमच्या पाठीवरचं एक जेवण कमी होतं.

दोन गोष्टी मात्र पाळा. न सांगता आठ जणांनी रात्री आठ वाजता दारात उभं राहायचं नाही. पाड्यावरच्या घरात तेवढं पीठ दळलेलं असेलच असं नाही. आणि पैसे आधी विचारून, पूर्ण द्यायचे.

गावातून निघताना दुसऱ्या दिवसासाठी भाकऱ्या बांधून मागा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी दुपारपर्यंत छान राहते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असला की दुपारच्या जेवणाचा प्रश्न संपला. तरीही एक जेवण कायम राखीव ठेवा. निरोप पोचत नाही, वाट चुकते, गावात लग्न असतं आणि घरं बंद असतात.

३. तयार जेवणाचे प्रकार ओळखा

बाजारात 'तयार' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

*शिजवलेलं ओलं पाकीट.* चांदीच्या रंगाचं जाड, मऊ पाकीट. आत डाळ, राजमा, पुलाव, पावभाजी असं शिजवलेलं अन्न. पाकीट सील करून दाबाखाली १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, त्यामुळं आतले जंतू मरतात आणि फ्रीजशिवाय ते महिनोन्महिने टिकतं. याला रिटॉर्ट म्हणतात. भारतात लष्कराच्या शिध्यासाठी हे तंत्र म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं विकसित केलं, आणि पुढं ते बाजारात आलं. याचा मोठा गुण म्हणजे गरम न करताही खाता येतं. अवगुण म्हणजे यात बहुतेक पाणीच असतं. ३०० ग्रॅमच्या पाकिटात साधारण ३०० ते ४५० कॅलरी निघतात. कोरड्या रात्रीसाठी एखादं ठीक. चार दिवस रोज हेच न्यायचं ठरवलंत तर पाठ बोलेल.

*गरम पाणी घालून होणारं.* कपातले पोहे, उपमा, शिरा, डाळ-भात, नूडल्स. कोरडं असल्यामुळं हलकं. उकळतं पाणी घालून पाच ते दहा मिनिटं झाकायचं. किराणा दुकानात सहज मिळतं. कप मात्र सॅकमध्ये विनाकारण जागा खातो. आतला माल झिपच्या पिशवीत काढून घ्या आणि किती पाणी घालायचं ते पिशवीवर मार्करनं लिहा.

*फ्रीझ-ड्राय.* अन्न गोठवून, निर्वात जागेत त्यातल्या बर्फाची थेट वाफ करून काढतात. अन्नाचा आकार तसाच राहतो, आत बारीक भोकं पडतात, म्हणून पाणी झटकन मुरतं. वजनाला सगळ्यात हलकं, चवीला सगळ्यात ताज्याच्या जवळ आणि किमतीला सगळ्यात महाग. साताऱ्यात-सांगलीत दुकानात क्वचित दिसतं, ऑनलाइन मागवावं लागतं. निघायच्या किमान दोन आठवडे आधी मागवा. सह्याद्रीतल्या दोन-तीन मुक्कामांना याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हिमालयात आठवडाभराचा, स्वतः शिधा वाहायचा ट्रेक असेल तर पैसे वसूल होतात.

*रेडी टू कुक.* नवा माणूस सगळ्यात जास्त इथं फसतो. 'रेडी टू ईट' म्हणजे उघडा आणि खा. 'रेडी टू कुक' म्हणजे मसाला तयार आहे, शिजवायचं काम तुमचं. खिचडीचं असं पाकीट घेतलंत तर आत कच्चे तांदूळ आणि कच्ची डाळ असते आणि कुकर नसेल तर ती शिजायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. इडली, डोसा, ढोकळ्याची पिठं याच फळीवर असतात. त्यांच्याकडं बघूसुद्धा नका.

एक ताकीद. हल्ली घरगुती पातळीवर ओली भाजी, बिर्याणी व्हॅक्यूम पॅक करून 'प्रवासासाठी' विकतात. हवा काढणं आणि रिटॉर्ट करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसती हवा काढलेलं ओलं अन्न फ्रीजबाहेर सुरक्षित नसतं. हवेशिवाय वाढणारे विषारी जंतू असतात, आणि त्यांची चव किंवा वास येईलच असं नाही. पाकिटावर साठवणीची सूचना आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक नसेल तर घेऊ नका. फुगलेलं, गळकं, शिवणीत कुरतडल्यासारखं दिसणारं पाकीट तर दुकानातच ठेवा.

४. पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला वाफाळता बाऊल आणि कोथिंबीर असते. तुमच्या कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात आहे. पाकीट हातात घेऊन या क्रमानं वाचा.

निव्वळ वजन. काही पाकिटांवर तयार झाल्यानंतरचं वजन मोठ्या अक्षरात असतं. २८० ग्रॅम वाचून पोटभर वाटतं, पण आत कोरडा माल ८० ग्रॅमच असतो.

त्यानंतर कॅलरी. लेबलवर किलोकॅलरी लिहिलेलं असतं, आपण बोलताना तिलाच कॅलरी म्हणतो. आकडा १०० ग्रॅमला आहे की एका सर्व्हिंगला, ते नीट बघा. समजा, ८० ग्रॅमच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ४०० कॅलरी लिहिलंय. म्हणजे तुमच्या वाट्याला ३२०. दिवसभर सॅक घेऊन चढलेल्या माणसाचं रात्रीचं जेवण म्हणून हे निम्मं आहे. 'दोन जणांसाठी' हे शब्द तर वाचूच नका. दोन जणांचं म्हणून विकलेलं पाकीट ट्रेकवर एकाचं असतं.

कोरड्या मालासाठी माझी साधी कसोटी: १०० ग्रॅमला ४०० कॅलरीच्या वर असेल तर सॅकमध्ये जागा द्यायची. त्याखाली असेल तर काहीतरी खास कारण हवं.

मग कृती. किती मिली पाणी, किती मिनिटं, आणि पाणी 'गरम' हवं की 'उकळतं'. 'मंद आचेवर १० मिनिटं ढवळा' असं असेल तर तेवढा गॅस लागणार.

शेवटी मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते. नूडल्स आणि सूपच्या पाकिटांत ते बरंच असतं. घाम गाळत चालताना थोडं जास्त मीठ चालतं, लागतंही. पण रात्री खारट खाल्लं की तहान लागते, आणि मुक्काम कोरडा असेल तर ती तहान महागात पडते. कोरड्या रात्री नूडल्स आणि सूप नको, हे पाळाच. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तर मसाल्याची पुडी अर्धीच घालावी.

५. दिवसाचा हिशेब मांडा

दिवसभर ८-१० किलोची सॅक घेऊन चालणाऱ्या माणसाला साधारण २५०० ते ३००० कॅलरी लागतात. थोरल्या अंगाच्याला जास्त, बारीक अंगाच्याला कमी. कोरडं जेवण नीट निवडलं तर यासाठी माणशी ६०० ते ७०० ग्रॅम पुरतात.

गावात काहीच मिळणार नाही असं धरून एका माणसाचा एक दिवस:

- सकाळी फोडणीचा उपमा किंवा पोहे ९० ग्रॅम, आणि साखर-दूधपावडरीचा चहा: साधारण ५०० कॅलरी
- चालता-चालता शेंगदाणे ६०, बेदाणे ४०, चिक्की ४० ग्रॅम: साधारण ६५०
- दुपारी सातूचं पीठ १०० ग्रॅम आणि गूळ ४० ग्रॅम: साधारण ५५०
- मुक्कामाला पोचल्यावर सूप: ५०
- रात्री कोरडी खिचडी १२० ग्रॅम, वरून तूप २० ग्रॅम, शेंगदाण्याची चटणी ३० ग्रॅम: साधारण ७५०

सगळं मिळून ५८० ग्रॅमच्या आसपास आणि २५०० कॅलरी. भूक जास्त असेल तर शेंगदाणे आणि तूप वाढवा, भात वाढवू नका. कारण साधं आहे. एक ग्रॅम पिठातून किंवा साखरेतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तुपातून ९. स्क्रूच्या झाकणाच्या छोट्या बाटलीत १०० ग्रॅम तूप नेलं तर जवळपास ९०० कॅलरी नेल्या. पाकिटातलं कुठलंही तयार जेवण बेचव आणि अपुरं लागत असेल तर त्यावर चमचाभर तूप सोडून बघा.

आपल्या भागातल्या काही गोष्टी यात चपखल बसतात. तासगावचे बेदाणे आणि गुळाची चिक्की वजनाला भारी पडत नाहीत, उन्हात खराब होत नाहीत. सांगलीचं भडंग चवीला एक नंबर, पण चुरमुरे सॅकची निम्मी जागा खातात. ते पहिल्या दुपारी संपवायला घ्या. कंदी पेढे खव्याचे असतात, त्यामुळं तेही पहिल्याच दिवशी वाटून टाका.

६. स्टोव्ह न्यायचा की नाही, ते ठरवा

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, स्टोव्ह धरूनच चालतात. जरा गणित करू. २३० ग्रॅम गॅसचा भरलेला डबा पत्र्यासकट पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. स्टोव्ह १०० ग्रॅम, भांडं-झाकण २५० ग्रॅम. म्हणजे सव्वासातशे ग्रॅम झाले. ओल्या पाकिटाऐवजी कोरडं घेतल्यानं एका जेवणामागं साधारण १८० ग्रॅम वाचतात. एकटा माणूस दोन रात्रींसाठी जात असेल तर वाचतात ३६० आणि स्टोव्हचं ओझं त्याच्या दुप्पट. त्यानं दोन ओली पाकिटं आणि बाकी न शिजवता खायचं घ्यावं, स्टोव्ह घरी ठेवावा. चार जण असतील तर तेच सामान चौघांत वाटलं जातं आणि कोरडं जेवण स्पष्ट फायद्याचं ठरतं. थंडीत गरम चहाची ओढ असते हे खरं, ती ज्याची त्यानं तोलावी.

गॅस किती? एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम, वारा असेल तर २० धरा. चौघांचा दोन वेळचा चहा, नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळून चार-सव्वाचार लिटर पाणी उकळावं लागतं. म्हणजे दिवसाला ६५ ते ८५ ग्रॅम. एक डबा जेमतेम तीन दिवस जातो. झाकण ठेवूनच उकळा.

उंचीनं फरक पडतो, पण आपल्याकडं थोडाच. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. महाबळेश्वरच्या उंचीला ते ९५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पाकिटावर ८ मिनिटं लिहिलं असेल तर १० मिनिटं झाका. हिमालयात ४००० मीटरवर ते ८७ अंशांच्या घरात येतं, तिथं डाळ-तांदळाचा नाद सोडून फक्त भिजवून होणारं जेवणच न्यावं. तिकडं जाताना गॅसचा डबा विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाही, तो तिथंच विकत घ्यायचा.

स्टोव्ह तंबूच्या आत कधीच पेटवू नका. वारा अडवताना डब्याभोवती पत्रा गच्च गुंडाळू नका, डबा तापतो. आणि डिसेंबरनंतर आपल्या सड्यांवर गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीनं अख्खा डोंगर पेटतो. उघड्या कातळावरच स्टोव्ह मांडा, शेजारी पाण्याची बाटली ठेवा.

७. घरी करता येणारी कोरडी जेवणं

चार जणांचा तीन दिवसांचा शिधा पूर्ण विकतचा घ्यायची गरज नाही.

*उपमा.* बारीक रवा तेलातुपात खरपूस भाजा. भाजताना त्यातच मोहरी, जिरं, उडीद डाळ, कढीपत्ता, हिंग आणि सुकी मिरची यांची फोडणी द्या. कढीपत्ता कुरकुरीत होऊन हातानं चुरडला जाईल इतका परता, नाहीतर त्यातला ओलावा दोन दिवसांत वास आणतो. मीठ-साखर मिसळून गार करा, माणशी ८०-९० ग्रॅमच्या पिशव्या भरा. मुक्कामावर उकळतं पाणी ओतून झाकून दहा मिनिटं ठेवायचं. रवा कच्चट राहिला असेल तर तिथं पिठूळ लागतो, म्हणून घरी भाजताना घाई नको.

*पातळ पोहे.* भाजलेले पोहे, शेंगदाणे, डाळं, मेतकूट, सुकं खोबरं. गार पाण्याचा हबका मारला तरी मऊ होतात. कोरड्या रात्रीसाठी याहून सोपं काही नाही, आणि पाणी कपभरही लागत नाही.

*सातूचं पीठ.* भाजलेले गहू आणि डाळं दळून केलेलं. गूळ आणि गार पाणी घातलं की जेवण तयार. आपल्या आज्या-पणज्या वारीला जाताना हेच बांधत होत्या आणि आजही पाठीवर न्यायला याच्या तोडीचं विकतचं पाकीट मला सापडलेलं नाही.

*पिठलं.* बेसन मंद भाजून त्यात लसूण पावडर, जिरं, तिखट, हळद, मीठ. माणशी ५० ग्रॅम, एका कपापेक्षा थोडं कमी पाणी, चार मिनिटं ढवळायचं. गावातून आणलेल्या भाकरीबरोबर.

*वाळवलेली खिचडी.* मूग डाळ-तांदळाची खिचडी तेल-तूप न घालता मऊ शिजवा. फॅट वाळत नाही आणि खवट होतं, म्हणून तूप ट्रेकवर वरून. ट्रेवर पातळ पसरून फूड डिहायड्रेटरमध्ये ६० अंशांच्या आसपास कडकडीत होईपर्यंत वाळवा. दाणा दाबल्यावर मोडायला हवा, वाकला तर ओलावा आहे. कुरडया-सांडग्यांसारखी ही उन्हात घालू नका. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात. मशीन नसेल तर हा प्रकार सोडून द्या.

प्रथिनांसाठी खिचडीत किंवा पुलावात मूठभर सोयाबीनचा चुरा टाका. १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि वजन काहीच नाही.

८. निघायच्या आधी एकदा घरी खाऊन बघा

नवीन पाकीट पहिल्यांदा गडावर उघडायचं नाही. रविवारी संध्याकाळी घरच्या गच्चीवर त्याच स्टोव्हवर, त्याच भांड्यात करून बघा. मोजून पाणी घाला, घड्याळ लावा. चव आवडते का, पोट भरतं का, सकाळी पोट ठीक आहे का, हे तिन्ही बघा. थकलेल्या माणसाला न आवडणारं अन्न गिळवत नाही, आणि न खाल्लेल्या कॅलरी पाठीवर नुसतं वजन असतात.

फ्रीझ-ड्राय पाकिटात थेट पाणी ओतायचं असेल तर आधी आतली ऑक्सिजन शोषणारी छोटी पुडी शोधून बाहेर काढा. अंधारात ती भातात मिसळली तर सापडत नाही. पाणी ओतून तळापर्यंत ढवळा, कोपऱ्यात कोरडा माल राहतो. मग तोंड बंद करून पाकीट लोकरीच्या टोपीत किंवा जॅकेटमध्ये गुंडाळून ठेवा.

भिजवलेलं जेवण उरलं तर सकाळसाठी राखू नका. ओलं झालं की ते साध्या शिजवलेल्या अन्नासारखंच नासतं.

९. सॅक भरताना

प्रत्येक दिवसाची एक पिशवी करा, वर दिवस लिहा. कोरड्या रात्रीची ओली पाकिटं सॅकच्या मधोमध, पाठीलगत ठेवा. ती जड असतात, आणि स्टोव्हच्या टोकदार पायांपासून लांब हवीत. चालताना खायचं वरच्या कप्प्यात. दुपारचं खाणं तळाशी गेलं की माणूस ते काढतच नाही आणि संध्याकाळी गळून जातो.

पावसाळ्यात किंवा सप्टेंबरात जाणार असाल तर खाकरा, चिवडा, पोहे दुहेरी पिशवीत घ्या. धुक्यातली हवाच त्यांना मऊ करते.

देवळात मुक्काम असेल तर रात्री उंदीर येतात. सॅक कुरतडून शेंगदाणे काढतात. खाण्याची पिशवी खुंटीला किंवा दोरीला उंच टांगा. प्रतापगड-महाबळेश्वर भागात दिवसा माकडं. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती येतातच, त्यामुळं खाणं सॅकच्या आत.

१०. जंगलाचे नियम आणि परवानगी

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोटा याच जंगलात आहे. बामणोलीहून बोटीनं जायचं, वनखात्याची परवानगी काढायची आणि संध्याकाळी परत यायचं. मुक्काम नाही, आणि पावसाळ्यात प्रवेशही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात आग पेटवायला बंदी आहे. म्हणून अशा दिवसाचं जेवण पूर्णपणे न शिजवता खायचं असू द्या: दशमी, धपाटे, चटणी, सातू, पोहे. प्लॅस्टिक तपासलं जातं, म्हणून पाकिटं मोजून न्या. अभयारण्याबाहेरच्या गडांवरही जंगल वनखात्याचं असू शकतं, मुक्कामाआधी स्थानिक वनरक्षकाला विचारून घ्या.

बरोबर ठेवायची कागदपत्रं आणि सामान:

- मूळ ओळखपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स, परवानगीची पावती
- मुक्कामांचा तक्ता, एक प्रत घरी देऊन ठेवलेली, सोबत पायथ्याच्या गावातल्या माणसाचा फोन नंबर
- सुट्टे पैसे, बऱ्याच पाड्यांवर रेंज नसते आणि फोनवरून पैसे जात नाहीत
- स्टोव्ह, गॅस, लायटर आणि वेगळी कोरडी काडेपेटी
- झाकणाचं भांडं, लांब दांड्याचा चमचा, ज्यावर मिलीच्या खुणा आहेत असा मग
- पाणी गाळायचं फिल्टर किंवा क्लोरीनच्या गोळ्या. टाक्याचं पाणी कोमट करून जेवणात घालू नका, खळखळून मिनिटभर उकळू द्या
- ओआरएसच्या पुड्या, प्रत्येकी किती पाण्यात घालायच्या ते वाचून
- कचऱ्यासाठी जाड पिशवी आणि दोन रबरबँड

चांदीची पाकिटं जळत नाहीत. आतला ॲल्युमिनियमचा थर काळा होऊन तसाच राहतो, पुरला तर उकरून वर येतो. रिकाम्या पाकिटात घोटभर पाणी घालून विसळा, ते पाणी पिऊन टाका, पाकीट सपाट घडी करून कचऱ्याच्या पिशवीत. विसळलं नाही तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हात सॅकला वास लागतो आणि मुंग्या धरतात. गावात कचरा टाकून येऊ नका, तिथं तो उचलायला गाडी येत नाही. साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर किंवा घरी पोचल्यावरच पिशवी रिकामी करा. गॅसचा डबा पूर्ण संपला असेल तरच भंगारात द्या. उरला असेल तर त्यावर किती दिवस वापरला ते लिहून ठेवा, पुढच्या बेताला नवा घ्यायचा की नाही ते ठरवायला उपयोगी पडतं.